शेळी त्याची, जिना माझा

९ जुलै, बुधवार

नणंदेचा फोन. माजी नणंदेचा, खरं तर. पण तिला माजी म्हणताना जीभ अडखळते, तिच्या भावाला म्हणताना अजिबात नाही. माजी मंत्र्याला निदान बंगला तरी सोडावा लागतो. माजी नवऱ्याला काहीच सोडावं लागत नाही— उलट अजून आपल्याला काहीतरी यायचंय, अशीच त्याची समजूत असते.

दादा प्रदर्शन भरवतोय म्हणाली. भरवू दे. त्याच्याकडच्या सगळ्या कार्टूनच्या चित्रांचं. भरवू दे की! मग आवाज खाली आणून— "वहिनी, तुझ्याकडचे ते कागद मिळाले असते तर बरं झालं असतं म्हणत होता."

कागद!

मी तिला शंभराव्यांदा समजावलं. जुन्या कार्टूनपटात जे जे हलतं— माणूस, जनावर, उडणारी टोपी— ते एका पारदर्शक, प्लॅस्टिकच्या पत्र्यावर हाताने काढतात. तो सेल. आणि जे हलत नाही— घर, गल्ली, आभाळ— ते जाड कागदावर जलरंगात. ते बॅकग्राउंड. कागदावर सेल ठेवला की चित्र होतं. नुसता सेल म्हणजे हवेत लोंबकळणारं जनावर. नुसता कागद म्हणजे माणसं सोडून गेलेलं गाव. तिच्या दादाकडे जनावरं आहेत. माझ्याकडे गाव आहे. माझ्या गावाला 'कागद' म्हणायचं नाही.

ती म्हणाली, "बरं बाई, गाव. देशील का?"

विचार करून सांगते म्हटलं. विचार करण्यासारखं काही नव्हतं.

१० जुलै, गुरुवार

नाही. आणि वर पुन्हा एकदा नाही.

१२ जुलै, शनिवार

स्तंभ लिहायला बसले होते— विषय नगरपालिकेचे नवे कारंजे, ज्यातून पाणी सोडून सगळं उडतं. एक ओळ सुचेना. डोक्यात वाटणी.

आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो, म्हणून इथेच ओकून टाकते.

स्टुडिओ बंद पडला तेव्हा सगळं भंगारवाल्याकडे गेलं होतं. तो सेल गरम पाण्याच्या टाकीत बुडवून रंग धुऊन काढायचा आणि कोरं प्लॅस्टिक फायलींच्या कव्हरांसाठी विकायचा. आम्ही दोघं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तिथे पोचलो. अर्धा गठ्ठा धुऊन झाला होता. टाकीतलं पाणी हिरवं-तांबडं. तो भंगारवाल्याशी हुज्जत घालत बसला आणि मी टाकीच्या काठावरून पुढचा पत्रा उचलला, उजेडात धरला— छत्री उघडून बसलेली पांढरी शेळी. तोंड वर. डोळे वाटेकडे.

छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा आणि त्याच्या छत्र्यांचं कापड खाणारी त्याची शेळी— दहा मिनिटांचा पिक्चर. शेवटी म्हातारा घरी येत नाही, आणि शेळी जिन्यात छत्री उघडून त्याची वाट बघत बसते. ती छत्री तिने खाल्लेली नसते. बस्, एवढंच. एके काळी मोठ्या पिक्चरच्या आधी दाखवायचे, लोक तोवर खुर्च्या शोधत असायचे. आता तिशीतली पोरं तो बघून हळवी होतात. त्यांच्या जन्माच्या आधीचं बालपण आठवतं त्यांना!

पुढची सगळी वर्षं विकत आणणं आणि चारचौघांत मिरवणं त्याच्याकडे. मऊ ब्रशने धूळ काढणं, प्रत्येक सेल आणि कागदाच्या मध्ये पातळ कागद घालणं, दमट दिवसात कपाटात दिवा लावून ठेवणं माझ्याकडे. संसाराची पण साधारण हीच वाटणी होती.

मग खरी वाटणी झाली. मध्यस्थ म्हणून त्याचे मामा. मामासाहेब. आयुष्यभर जमिनीचे तंटे सोडवलेले. त्यांनी दिवाणखान्यात सतरंजीवर सगळं पसरायला लावलं, चष्मा पुसला, आणि चकचकीत पत्र्यांचा एक ढीग केला, कागदांचा दुसरा. "चकचकीत ते त्याचे, कागद ते तुझे. दोन्हीकडे सारखे. झालं की नाही समाधान?"

म्हणजे एका भावाला विहीर आणि दुसऱ्याला पाणी.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने एक वाक्य बोलायला हवं होतं. 'मामा, हे असं सुटं करत नाहीत.' एवढंच. मामांनी त्याचं ऐकलं असतं, माझं ऐकण्याचा प्रश्न नव्हता, मी परक्या घरची. तो खिडकीबाहेर बघत राहिला. सगळे सेलच मागतात, कागद कोणी विचारत नाही, हे त्याला ठाऊक होतं. गप्प बसला आणि शेळी घेऊन गेला.

भांडण मी विसरले. ती दुसरी कोण होती तेही विसरायला आले होते. ते गप्प बसणं नाही विसरले.

१३ जुलै, रविवार

जिना बाहेर काढला. पुष्कळ दिवसांनी.

वळणाचा लाकडी जिना. वरून कुठून तरी निळसर उजेड. कठड्याचा एक गज तुटलेला. तिसऱ्या पायरीवर चित्रकाराने रंग थोडा फिका ठेवलाय— तिथे शेळी बसायची, तिचं पांढरं उठून दिसावं म्हणून. न बसलेल्या शेळीसाठी जागा करून ठेवलेली. मी रोज ती फिकी पायरी बघायचे. मग बघणं सोडलं.

ती तिथे यायला हवी. त्याच्या भिंतीवर नाही, कुठल्या प्रदर्शनात नाही. इथे, माझ्या घरात, माझ्या पायरीवर. दुसरं काही नको.

१६ जुलै, बुधवार

नणंद प्रत्यक्ष हजर. बिस्किटांचा पुडा, पावसाने वैताग आणल्याची तक्रार, आणि आल्या आल्या माझ्या पडद्यांची स्तुती. स्तुतीवरूनच कळलं की भाऊ हट्टाला पेटलाय.

सगळं सांगितलं तिने. दादाची नवी बायको (तीही आता बऱ्यापैकी जुनी झाली असेल, पण माझ्याकडे ती नवीच राहणार) हौसेने सगळं बघतेय. हॉल मिळालाय तो जलतरण तलावाला लागून असलेला. मधली भिंत एकच. तलावाच्या वाफेने दारं फुगतात म्हणाली, पण भाडं कमी. आणि फ्रेम करायला चौकातला तो फ्रेमवाला— शाळांची प्रशस्तिपत्रं आणि लग्नाचे फोटो करतो ना, तो. काचेखाली असं घट्ट बसवतो की वर्षानुवर्षं हलत नाही.

मी चहाचा कप खाली ठेवला.

वहीच्या पाना, तुला सांगते, कारण बाहेर कोणाला सांगायचं नाही. सेलवर रेघा पुढच्या बाजूने असतात आणि रंग मागच्या बाजूने. म्हणजे कागदाला टेकतो तो रंग. ह्या स्टुडिओचे रंग स्वस्तातले— लवकर सुकून तडकू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन ओतलेलं, हात सैल सोडून. कोरड्या हवेत ठीक. दमट हवेत तो रंग पुन्हा ओला होतो, चिकट होतो, जे मागे असेल त्याला धरतो. एकदा छत्रीवाल्याचा एक सेल माझ्याकडून कागदावर तसाच राहिला. चार दिवसांनी उचलला तर म्हाताऱ्याच्या अर्ध्या मिशा कागदावर. तेव्हापासून मध्ये कागद, आणि फ्रेम करायची तर काच-सेल-कागद यांच्यामध्ये पट्टी, म्हणजे हवा खेळती राहते. हे मी त्याला सांगितलं होतं. पण माझं बोलणं तो शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं ऐकायचा. चालू आहे एवढं कळायचं.

तर— दमट हॉल. वरून दिव्यांची ऊब. प्रशस्तिपत्रांचा फ्रेमवाला, घट्ट हाताचा. आणि पट्टीबद्दल जगात बोलू शकेल असं एकच माणूस.

ते माणूस गप्प बसेल.

त्याची जनावरं माझ्या गावाला चिकटतील. कागद माझे आहेत, मामासाहेबांनी दिलेत. माझ्या घरी पाहुणा आला आणि जायचं नाव काढेना, तर तो कोणाचा झाला?

१७ जुलै, गुरुवार

होकार कळवला. नणंदेला भरून आलं. म्हणाली, तू मनाने मोठी आहेस हे मी नेहमीच सांगते. मी म्हटलं, सांगत राहा.

एकच अट घातली— प्रत्येक चित्राखाली 'पार्श्वभूमी' म्हणून माझं नाव, ठळक. लोकांना कळू दे की घर कोणाचं आहे.

१९ जुलै, शनिवार

बांधाबांध. एकेक कागद खोक्यात ठेवताना प्रत्येकाच्या वरचा पातळ कागद काढून घेतला. वर्षानुवर्षं मीच घातलेले. त्यांची घडी घालून कपाटात वर ठेवली. कपडे उतरवून पोरांना थंडीत पाठवल्यासारखं वाटलं, मग वाटणं बंद केलं. वाटत बसले असते तर अजून त्याच घरात राहिले असते.

जिना सर्वांत शेवटी. त्याच्या पायरीवर रंग बसेल, कागद खराब होईल, हे कळतंय मला. खराब नव्हे, वस्ती होईल.

२२ जुलै, मंगळवार

न्यायला तो येईल असं वाटलं होतं. केस विंचरून बसले होते— हे फक्त इथेच लिहितेय. आली ती नवी.

मला तिचा राग यायला हवा. येतोही, पण तिने मदत केली नाही त्या कामी. दारात चपला नीट जुळवून ठेवल्या. सुती हातमोजे घेऊन आली होती. माझ्यासमोर खोकं उघडलं आणि पहिला कागद दोन्ही हातांनी असा उचलला, जसा मी उचलते. बराच वेळ बघत राहिली. मला म्हणाली, ह्यात कोणी नाही तरी कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतं.

बाई बऱ्या आहेत. त्याच्या नशिबात बायका नेहमीच बऱ्या येतात, हीच तर तक्रार आहे.

मग जाताना, खोकं काखेत धरून, सरळ विचारलं. "ताई, तुम्हाला यातलं जास्त कळतं. फ्रेम करताना काही काळजी घ्यायची का?"

गप्प बसणं सोपं असतं. तो गप्प बसला तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं. मला विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही. घट्ट दाबून बसवायला सांगा."

तिने मान डोलावली. मनातल्या मनात घोकलंसुद्धा असेल. दार लावून घेतलं आणि स्वतःच्या आवाजाचं कौतुक वाटलं मला, कसा सरळ आला!

तर आता मी त्याच्याहून वाईट. चालेल. पहिल्या नंबराने येण्याची सवय लहानपणापासून आहे.

२५ जुलै, शुक्रवार

संपादकांनी कारंज्याच्या लेखातली दोन वाक्यं कापली. फार झोंबणारी आहेत म्हणे. मी कापू दिली. सध्या झोंबवण्याची सोय दुसरीकडे आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्घाटन. निळी साडी नेसले. सूड घ्यायला जाताना माणसाने नीटनेटकं असावं.

हॉलमध्ये पाय टाकताच तलावाच्या औषधाचा वास आणि अंगाला चिकटणारी हवा. भिंतीला हात लावला तर ओलसर. वर पिवळे दिवे, प्रत्येक फ्रेमवर एक. स्वतः मांडलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

आणि मग ती चित्रं.

हे लिहायचं नव्हतं. माझी रिकामी गल्ली, आणि तिच्यात म्हातारा चाललाय! दुकानाच्या फळीवर त्याची पकड, त्याचा डबा. बाजाराच्या चौकात शेळी एका बाईच्या छत्रीचा काठ चघळतेय आणि बाईला पत्ता नाही. इतकी वर्षं मी त्या चौकात एकटी फिरले. लोक पुढे सरकत होते, हसत होते, आणि मी मध्येच उभी. मागच्या एका पोरीने तर मला म्हटलं, काकू, जरा बाजूला व्हा ना.

जिना शेवटच्या भिंतीवर. ती बसली होती. फिक्या पायरीवर बरोब्बर. मला वाटलं होतं तेवढी शांत नव्हती ती. जिन्यावर बसल्यावर कळलं— कान मागे आहेत. म्हातारा येणार नाही हे तिला माहीत आहे. नुसत्या सेलवर हे कधी दिसलं नव्हतं. वरचा निळा उजेड लागतो त्याला.

तो शेजारी येऊन उभा राहिला. केस पांढरे झालेत. पोट सुटलंय, देव आहे. दोघंही समोर बघत होतो, नवराबायको असताना टीव्हीकडे बघायचो तसे.

तो म्हणाला, "बरी दिसते ना?"

मी म्हटलं, "जिना चांगला आहे."

तो हसल्यासारखा झाला. भाषण-बिषण झालं, माझं नाव घेतलं, लोकांनी वळून बघितलं, मी दात दाखवले. निघताना पुन्हा आडवा आला. काही राहिलंय का, काही बदलायचं का, विचारलं. डोळ्यांत बघून. एक शब्द पुरला असता. पट्टी.

"नाही," मी म्हटलं. "छान घट्ट बसलंय."

३ ऑगस्ट, रविवार

मी गाढव आहे. नाही, गाढवाला निदान ओझं कळतं.

सकाळी दात घासताना कळलं. तोंडात फेस तसाच घेऊन खुर्चीवर बसले.

रेघा पुढच्या बाजूला. रंग मागच्या बाजूला. मीच लिहिलंय की वर, स्वतःच्या हाताने! चिकटतो तो रंग. रेघा नाही. प्रदर्शन संपल्यावर फ्रेम उघडतील, सेल ओढतील— रंग राहील माझ्या पायरीवर आणि रेघा जातील त्याच्या पत्र्याबरोबर. माझ्याकडे काय येईल? शेळी नाही. एक पांढरा डाग. ना कान, ना डोळे, ना छत्रीच्या काड्या. आणि त्याच्याकडे पोकळ रेघांचा सांगाडा.

मामासाहेबांनी शेळी आणि जिना वेगळे केले. मी शेळीचीच वाटणी करायला निघाले.

इतकी वर्षं ब्रश हातात धरला, ग्लिसरीनचं प्रमाण मला पाठ, आणि रागाच्या भरात एवढं साधं दिसलं नाही. शेळी माझ्या घरी येणार ह्या विचाराने लाळ गळत होती. शिकलेल्या माणसाची माती होते ती अशीच, स्वतःच्या विषयात.

५ ऑगस्ट, मंगळवार

हॉलवर गेले. सामान्य प्रेक्षक म्हणून. रखवालदाराने ओळखलं, बॅकग्राउंडवाल्या बाई म्हणाला.

रंग सुटा असला की सेलवरून बघताना एकसारखा मऊ दिसतो. कागदाला चिकटला की तिथे ओल्यासारखा गडद ठिपका उमटतो. बाकीच्या फ्रेमा अगदी जवळून बघितल्या— काही नाही. म्हातारा सुटा, बाई सुटी. शेळीच्या पोटाखाली मात्र पैशाएवढा ठिपका.

पांढरा सगळ्यांत चिकट असतो. त्यात ग्लिसरीन जास्त.

अजून वेळ होता. आज काढून पट्टी घातली तर पोट थोडं जाईल, डोळे वाचतील. त्याला फोन करायचा आणि सांगायचं, मी तुझ्या बायकोशी खोटं बोलले. फोन तीनदा हातात घेतला. तिसऱ्यांदा आरशात दिसले स्वतःला आणि ठेवला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

ठिपका गळ्यापर्यंत.

९ ऑगस्ट, शनिवार

आज छत्रीसकट सगळी धरली. आता ओढली तर संपली. न ओढता ठेवली तर काही होत नाही, शंभर वर्षं तशीच बसेल. फक्त फ्रेम उघडायची नाही.

पण उघडणारच ना! कागद मला परत द्यायचेत. फ्रेमवाला पाना घेऊन बसेल, मागचा पुठ्ठा काढेल, आणि माझ्या मालकीचा इमानेइतबारे आदर करून माझा जिना तिच्या पाठीवरून सोलून काढेल.

१२ ऑगस्ट, मंगळवार

एकच रस्ता उरलाय. जिना त्याला द्यायचा.

'उघडू नकोस, ती फ्रेम राहू दे तुझ्याकडे, माझा हक्क सोडला.' शेळी जगते, पण त्याच्या भिंतीवर. जिन्यासकट. म्हणजे मामासाहेबांनी जे अर्धवट ठेवलं होतं ते मी पूर्ण करायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दिवसभर भांडी आपटली. शेजारीण येऊन विचारून गेली, पाहुणे आहेत का.

१६ ऑगस्ट, शनिवार

वाक्यं पाठ करतेय. 'तुझ्याकडेच राहू दे.' सहज म्हणायचं, उपकार केल्यासारखं नाही आणि भीक घातल्यासारखंही नाही. आरशासमोर म्हणून बघितलं. दोन्ही वाटतं.

आजपर्यंत किती जणांना शब्दाने सोललं, आणि हे तीन शब्द घशाखालून वर येईनात.

१८ ऑगस्ट, सोमवार

काल प्रदर्शन संपलं, आज उतरवायचं होतं. लवकर गेले. हॉलमध्ये फक्त फ्रेमवाला, भिंतीवरून फ्रेमा काढून पाठीला पाठ लावून ठेवत होता. पाना, पक्कड, ब्लेड सगळं बाजूला मांडलेलं.

साहेब दुपारी येतील म्हणाला. मी थांबते म्हटलं. तो खिळ्यांचा डबा आणायला बाहेर टेम्पोकडे गेला.

शेळी सगळ्यांत पुढे टेकवून ठेवली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. पाठ केलेली वाक्यं सगळी जागेवर होती. तिचे कान मागे होते.

माझी मोठी पिशवी— छत्रीसाठी, भाजीसाठी, सगळ्यासाठी वापरते ती— तिच्यात फ्रेम आडवी बसली. एक कोपरा वर राहिला, त्यावर ओढणी टाकली. रखवालदाराला हात केला. त्याने दार उघडून धरलं, वर म्हणाला, जपून जा, पायऱ्या ओल्या आहेत.

आयुष्यातली पहिली चोरी. रिक्षात बसले तर हसू आवरत नव्हतं. तो गप्प बसून घेऊन गेला होता. मी पण गप्प बसून घेऊन आले. फिटंफाट!

दारासमोरच्या भिंतीवर लावली. कॅलेंडर काढून टाकलं. येणाऱ्याला आधी ती दिसेल, मग मी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

फोन नाही. उत्तरं तयार करून बसलेय. 'कुठली फ्रेम?' 'जिना माझाच होता.' 'शेळी तिच्या पायाने आली.' एकापेक्षा एक सरस. कोणी विचारत का नाही!

२० ऑगस्ट, बुधवार

सकाळी बेल. दारात फ्रेमवाला, चेहरा उतरलेला. त्याने एका दमात सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते—

"बाई, जिन्याची फ्रेम माझ्या ताब्यातून गेली. सगळ्या फ्रेमांना साहेबांनी आतून पट्टी घालायला लावली होती. ही एकच राहिली होती, तेवढ्यात मॅडम तुमचा निरोप घेऊन आल्या, घट्ट दाबून बसवा. साहेब खूप वेळ हसले. म्हणाले, हिला पट्टी नको, चिकटू देत. उघडूही नका कधी. प्रदर्शन झालं की आहे तशी बाईंच्या घरी पोचवा. आता मी साहेबांना काय तोंड दाखवू?"

मी दार जरा पुढे ओढून घेतलं, त्याला मागची भिंत दिसू नये एवढं, आणि म्हटलं, "शोधा. सापडेल."